माणूस पारखताना: चेहऱ्याच्या आधी हात बघा

कर्वेनगरमध्ये पाळणाघर सुरू केलं त्याला आता १९ वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात मुलांकडे बघायला एक मावशी हवी होती. ओळखीतून एक बाई भेटायला आल्या. साडी नीटनेटकी, बोलणं मोजकं. पण बोलताना ओठांचा एकच कोपरा हलायचा. हसल्या तर हसू एका गालावर यायचं, दुसरा गाल जागचा हलत नव्हता. मला वाटलं, बाई तुसड्या आहेत, मला हिणवल्यासारखं बघताहेत. "कळवते" म्हणाले आणि कळवलं नाही. चार महिन्यांनी त्या भाजी घेताना भेटल्या. दोन्ही गालांनी हसल्या. म्हणाल्या, "ताई, तेव्हा माझं तोंड वाकडं झालं होतं. नस सुजलीय म्हणाले डॉक्टर. आता बरं आहे." चेहऱ्याच्या नसेचा तो लकवा होता, बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरा होतो. मला वाटत होतं मी त्यांचा स्वभाव वाचतेय. मी वाचत होते ती एक सुजलेली नस.

तेव्हापासून माणूस बघण्याची पद्धत मी मुद्दाम बसवत गेले. पाळणाघरासाठी मावश्या निवडल्या, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी मदतनीस निवडला, भाचीच्या लग्नाच्या वेळी बहिणीबरोबर स्थळं बघितली. तिन्हीकडे तीच पद्धत उपयोगी पडली. तुम्हाला घरात, दुकानात, ऑफिसात कुणाला घ्यायचं असेल किंवा कुणाच्या हाती आपलं माणूस सोपवायचं असेल, तर ती क्रमाने सांगते.

आधी हे वेगळं करा

समोरच्या माणसाकडे बघताना तीन गोष्टी एकत्र दिसतात आणि आपण त्यांची गल्लत करतो.

पहिली, घडण. नाक, जबडा, कपाळ, भुवया, रंग, उंची. हिचा स्वभावाशी काडीचा संबंध नाही. 'जुळलेल्या भुवयांचा माणूस कपटी', 'बारीक डोळ्यांचा धूर्त' ही वाक्यं घराघरांत ऐकू येतात. सामुद्रिकशास्त्राच्या नावाखाली ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. युरोपातही असंच झालं. इटलीतल्या लोंब्रोसो नावाच्या डॉक्टरने १८७६ मध्ये मांडलं की जन्मजात गुन्हेगार जबडा, कान, कपाळ यांवरून ओळखता येतो. पुढे इंग्लंडमध्ये गोरिंग यांनी सुमारे ३,००० कैद्यांची मोजमापं घेतली आणि गुन्हेगाराचा असा वेगळा चेहरा नसतो हे १९१३ मध्ये दाखवून दिलं. आपल्याकडे तर इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदाच केला आणि जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण पारध्यांच्या पोराकडे बघण्याची नजर अजून पूर्ण गेलेली नाही. म्हणून हे पहिल्यांदा सांगितलं. घडणीवरून स्वभाव ठरवणं ही निरुपद्रवी करमणूक नाही, त्याने माणसांची आयुष्यं नासली आहेत.

दुसरी गोष्ट, भाव. राग, भीती, लाज, आनंद. हे येतात आणि जातात. त्या घटकेला माणसाच्या मनात काय चाललंय ते यातून कळतं, तो माणूस कसा आहे ते नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे वळण. अक्षराला वळण असतं तसं वागण्यालाही असतं. उठणं, बसणं, वस्तू ठेवणं, हाक मारणं, थांबणं. हजार वेळा केल्याने हे अंगात मुरलेलं असतं, म्हणून माणूस ते फार वेळ लपवू शकत नाही. स्वभाव दिसतो तो या तिसऱ्या गोष्टीत. पुढचं सगळं वळण कसं बघायचं याबद्दल आहे.

फोटो आणि अर्धा मिनिट

दोन अभ्यास इथे सांगायलाच हवेत, कारण ते एकमेकांच्या उलट वाटतात. २००६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात विलिस आणि तोदोरोव्ह यांनी लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो एका सेकंदाच्या दहाव्या भागापुरते दाखवले. तेवढ्यात लोकांनी 'विश्वासू', 'कर्तबगार' असे शेरे मारले. जास्त वेळ दिला तरी शेरे फारसे बदलले नाहीत, मारणाऱ्यांची खात्री मात्र वाढली. म्हणजे चेहऱ्याकडे टक लावून बघत बसल्याने आपण जास्त बरोबर होतो असं नाही, जास्त ठाम होतो.

दुसरा अभ्यास अंबाडी आणि रोझेन्थाल यांचा, १९९३ चा. वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकांची अर्ध्या मिनिटापेक्षा मोठी नसलेली चित्रफीत, आवाज बंद करून, अनोळखी लोकांना दाखवली. त्यांनी केलेलं मूल्यमापन हे सत्रभर त्या प्राध्यापकांकडे शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या मताशी बऱ्यापैकी जुळलं.

मला यातून जे कळलं ते असं. पहिल्यात माणूस स्थिर होता, दुसऱ्यात कामात होता. शिकवताना हात कसे चालतात, मुलांकडे वळतो का, फळ्याशीच बोलतो का, हे अर्ध्या मिनिटातही दिसतं. खुर्चीत बसलेल्या, इस्त्रीचे कपडे घातलेल्या, उत्तरं पाठ करून आलेल्या माणसात ते तासभर बघून दिसत नाही. तरी आपण माणसं निवडतो ती खुर्चीत बसवूनच.

पहिली पायरी: काय हवं ते आधी लिहा

'चांगली बाई हवी', 'सज्जन मुलगा हवा' यातून काही हाती लागत नाही. भेटीच्या आधी कागदावर तीन वाक्यं लिहा आणि ती वागण्याची असू द्या, गुणांची नकोत. 'प्रेमळ' असं न लिहिता 'मूल रडायला लागलं की आधी त्याच्या उंचीला येते' असं लिहा. 'जबाबदार' ऐवजी 'उशीर होणार असेल तर आधी कळवतो'. वडिलांच्या मदतनिसासाठी मी लिहिलं होतं: अंगाला हात लावण्याआधी सांगतो, त्यांचं बोलणं अडखळलं तर वाक्य पुरं होऊ देतो, कपडे बदलताना दार लोटतो. हे लिहिलं की डोळ्यांना कुठे बघायचं ते कळतं. नाहीतर ते भांगाकडे, दातांकडे आणि चपलांकडे जातात.

दुसरी पायरी: आधी स्वतःची बसण्याची पद्धत बदला

टेबलाच्या पलीकडे बसून, हातात कागद घेऊन आपण प्रश्न विचारतो. समोरची बाई खुर्चीच्या कडेला टेकलेली, पदर हातात गुंडाळलेला. मग आपण म्हणतो, 'आत्मविश्वास नाही.' तो घाबरटपणा तिचा नसतो, आपल्या टेबलाचा असतो.

मी आता सतरंजीवर किंवा शेजारच्या खुर्चीत बसते, समोरासमोर नाही. आधी पाणी, मग चहा. कुठून आलात, बस मिळाली का, वारज्याच्या पुलावर गर्दी होती का. पगार किती देणार, कामाचे तास किती, सुट्टी कधी, हे मी आधीच सांगून टाकते. पैशाचं काय होणार या काळजीत असलेल्या माणसाचं बाकी काहीच नीट दिसत नाही.

तिसरी पायरी: तो माणूस नेहमी कसा असतो ते पकडा

पहिली पंधरा-वीस मिनिटं कुठलाही निष्कर्ष काढू नका. फक्त त्या माणसाची रोजची चाल काय आहे ते बघा. काहीजण मुळातच भरभर बोलतात, काहींचे हात बोलताना गप्प बसत नाहीत, काहीजण विचार करताना छताकडे बघतात. हे माहीत झालं की मगच बदल कळतो. कायम पाय हलवणाऱ्याने पाय हलवला यात काही नाही. शांत बसलेल्याचा पाय एका विशिष्ट प्रश्नाला हलायला लागला, तर तो प्रश्न पुन्हा, सौम्यपणे, दुसऱ्या शब्दांत विचारण्यासारखा आहे. विचारण्यासारखा, एवढंच. 'सापडला' असं नाही.

एका मावशींना मी विचारलं, आधीचं काम का सोडलं? इतका वेळ मोकळ्या बोलत होत्या, त्या एकदम गप्प झाल्या आणि बांगड्या फिरवायला लागल्या. चोरीबिरी? थोड्या वेळाने मी म्हटलं, "तिथे काही त्रास होता का?" मग कळलं, त्या घरातल्या एका पुरुषाची वागणूक चांगली नव्हती आणि हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. हावभावाने मला प्रश्न कुठे आहे ते दाखवलं. उत्तर विचारल्यावरच मिळालं.

चौथी पायरी: हाताला काम द्या

ही सगळ्यात मोलाची पायरी, म्हणून इथे जरा थांबते.

वडिलांसाठी आम्ही दोन मुलगे बघितले. दोघंही अनुभवी. पहिला उंच, हसरा, बोलायला गोड, आल्याआल्या "आजोबा, कसे आहात?" म्हणाला आणि उत्तर यायच्या आत आईकडे वळून औषधांबद्दल विचारू लागला. दुसरा बुटका, चेहरा निर्विकार, आमच्याशी धड बोलेना. मी दोघांनाही वेगवेगळ्या दिवशी एकच काम सांगितलं: वडिलांना उजव्या कुशीवर वळवून पाठीमागे उशी लावायची.

पहिल्याने ते झटक्यात केलं. कसबी हात होता. वडिलांच्या तोंडून 'अगं आई' निघालं तेव्हा तो म्हणाला, "काही नाही, झालं."

दुसऱ्याने आधी तळवे एकमेकांवर घासले. जानेवारी होता, हात गार होते. मग वाकून वडिलांच्या नजरेसमोर आला आणि म्हणाला, "आजोबा, आता उजव्या कुशीवर घेतो हं." आणि थांबला. वडिलांना शब्द जुळवायला वेळ लागायचा. पाच-सहा सेकंद गेली असतील. वडील "हं" म्हणाले, तेव्हा त्याने एक हात खांद्यामागे आणि एक कमरेमागे घातला. वळवून झाल्यावर सदऱ्याची चुणी पाठीखालून सरळ केली. ती चुणी आम्हा कुणाला दिसली नव्हती. बेडवर पडून असलेल्या माणसाला तशा चुणीवर तासन्‌तास राहिलं तर कातडी लाल होते.

ती पाच-सहा सेकंदं मी विसरणार नाही. माणसाच्या स्वभावाबद्दल जे काही बघायचं असतं ते बहुतेक वेळा अशा थांबण्यात असतं. समोरच्याचं उत्तर येईपर्यंत हा थांबतो का?

पाळणाघरात मी नव्या मावशींना दोन तास मुलांमध्ये बसवते, त्याचे पैसे देते, आणि काय बघते ते सांगते:

मुलाला उचलताना दंडाला धरून ओढते की दोन्ही काखांत हात घालते. ओली चड्डी बदलताना नाक मुरडते का, मुलाच्या तोंडाकडे बघून बोलत राहते का. दुधाची बाटली घासते तेव्हा बुचाच्या आतली बाजू बघते का. भरवताना पहिला घास गिळायच्या आत दुसरा पुढे करते का. खेळणी पेटीत टाकते की ठेवते. आणि दारातून आई बाहेर पडली की तिच्या चेहऱ्याचं काय होतं.

ही शेवटची गोष्ट मी फार महागात शिकले. एक मावशी होत्या, डोळ्यांत बघून बोलायच्या, आईबाबांना त्यांचं फार कौतुक. एकदा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एक आई मुलाला सोडून वळली आणि दार लागलं. दार लागायचा आवाज आला आणि मावशींच्या चेहऱ्यावरचं हसू त्याच क्षणी गेलं, बटण बंद केल्यासारखं. मूल हात वर करून उभं होतं, त्या त्याच्या बाजूने निघून गेल्या. खरं हसू असं तुटत नाही, हळूहळू ओसरतं. मी तेव्हा ते बघितलं आणि 'दमल्या असतील' म्हणून सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात एका मुलाच्या दंडावर बोटांचे वळ दिसले. त्याच दिवशी मी त्यांना काढलं, मुलाच्या आईबाबांना घरी जाऊन सगळं सांगितलं. पण तो एक आठवडा माझ्या पदरी आहेच.

पाचवी पायरी: वरच्याशी आणि खालच्याशी

ज्याच्याकडून काही मिळवायचं आहे त्याच्याशी सगळेच नीट वागतात. ज्याच्याकडून काहीच मिळणार नाही त्याच्याशी आवाज, मान, नजर कशी असते ते बघा. स्थळ बघायला गेलात तर घरात बसून कांदेपोहे खाण्यापेक्षा मुलाला बाहेर भेटा. रिक्षातून उतरताना सुट्ट्या पैशांवरून काय होतं, हॉटेलात पोऱ्याने टेबल पुसताना आपला कप स्वतः उचलतो का, सोसायटीच्या वॉचमनकाकांना नावाने हाक मारतो की 'ए' म्हणतो.

फक्त मुद्दाम कुणाला अपमानित करून 'परीक्षा' घेऊ नका. वेटरला आधी सांगून चुकीची ऑर्डर आणवणं वगैरे प्रकार मला पटत नाहीत. गरजच नसते. पुण्यात तासभर बाहेर फिरलात तर परीक्षेचे प्रसंग आपणहून येतात. लक्ष्मी रोडला गाडी लावायला जागा शोधताना तर हमखास.

सहावी पायरी: जरा अडेल तिथे बघा

गीतेत अर्जुन विचारतो, स्थितप्रज्ञ माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? मला हा प्रश्न फार आवडतो, कारण तो थेट लक्षणं विचारतो. आणि कृष्ण उत्तर देताना त्या माणसाच्या बसण्याचं वर्णन करतच नाही. दुःखात तो डगमगत नाही, सुखाची हाव धरत नाही, कासव अवयव आत घेतं तसा तो इंद्रियं आवरतो, असं सांगतो. म्हणजे सुखदुःख येऊन गेल्याशिवाय बसण्या-चालण्याला अर्थ नाही.

आपल्या पातळीवर याचा साधा उपयोग आहे. सगळं सुरळीत चालू असताना कुणाचाही स्वभाव दिसत नाही. भाचीच्या वेळी मी सुचवलं की दोन्ही घरच्यांनी मिळून पर्वतीवर जाऊ. १०३ पायऱ्या आहेत. साठ-सत्तराव्या पायरीला दम लागतो, केस विस्कटतात, तयार करून आणलेली वाक्यं संपतात. माझ्या बहिणीचे गुडघे दुखतात, ती मागे पडली. मुलगा आणि भाची पुढे होते. मुलाने एकदा मागे बघितलं आणि पुढच्या वळणावर तो बुटाची नाडी बांधायला बसला. बहीण जवळ येईपर्यंत बांधत होता. नंतर पुन्हा एकदा "इथून सिंहगड दिसतोय का हो?" म्हणून थांबला. बहिणीला कळलंही नाही की हे थांबणं तिच्यासाठी होतं. भाचीला कळलं. आणखी तीन-चार भेटी झाल्या, मग ठरलं.

अडचण आली की पहिल्या सेकंदाला उमटणारा भाव माफ करा. चहा अंगावर सांडला तर कुणाच्याही कपाळाला आठी पडेल. बघायचं ते पुढचं मिनिट. आठी जाते की शब्द होऊन बाहेर येते? 'कुणी सांडला?' आधी येतं की 'भाजलं का?' आधी येतं?

हसू, डोळे आणि खोटं बोलणं

याबद्दल लोकांना सगळ्यात जास्त उत्सुकता असते, आणि इथेच सगळ्यात कमी हाती लागतं.

द्युशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये विजेचा हलका प्रवाह देऊन चेहऱ्याचे स्नायू एकेक हलवून बघितले. त्याला दिसलं की ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपल्या हुकमात असतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू, ज्याने कडेला सुरकुत्या पडतात, तो सहसा खऱ्या आनंदानेच आवळतो. हे बरंचसं खरं आहे. मात्र पुढे असंही दिसलं की अनेकांना ते डोळ्यांतलं हसूही ठरवून आणता येतं. तेव्हा हसू कसं दिसतं यापेक्षा ते कधी येतं आणि कसं जातं हे बघा.

आपल्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय (म्हणजे शुद्ध हरपणं). घाम फुटणं, आवाज चिरकणं, अंग थरथरणं, चेहऱ्याचा रंग उतरणं. ते मनाच्या खोलातून येतात, नुसत्या हातवाऱ्यांसारखे वरवर आणता येत नाहीत. पण लक्षात घ्या, हे सगळे भावनेची तीव्रता सांगतात. प्रामाणिक माणसावर आळ आला तर त्यालाही घाम फुटतो, कदाचित जास्तच.

'नजर चुकवली म्हणजे खोटं बोलतोय' हे तर डोक्यातून काढूनच टाका. बॉन्ड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये सुमारे २०० अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत २४,००० हून जास्त लोकांनी खरं-खोटं ओळखायचा प्रयत्न केला होता. बरोबर आलेलं प्रमाण होतं सुमारे ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० येतात. आणि आपल्याकडे कितीतरी घरांत मोठ्यांशी बोलताना खाली बघायचं हे संस्कार म्हणून शिकवलेलं असतं. भोर-वेल्ह्याकडून पहिल्यांदा कामाला आलेली मुलगी माझ्या डोळ्यांत बघत नाही, ती मला मान देत असते.

खोटं पकडायचं असेल तर कागद बघा, आधीच्या घरी फोन करा, पोलीस पडताळणी करून घ्या. हे काम डोळ्यांवर टाकू नका.

पुण्यातल्या माणसांनी सांभाळायचे खड्डे

'पानी', 'आनि', 'लोनी' असं कुणी म्हटलं की आपल्याकडे भुवई वर जाते. उच्चारावरून आपण बुद्धी ठरवतो, बुद्धीवरून सचोटी, आणि दोन मिनिटांत त्या माणसाचा निकाल लावतो. थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये हे सैन्यातल्या अधिकाऱ्यांबाबत दाखवलं होतं: ज्या शिपायाची शरीरयष्टी चांगली त्याला हुशारीत आणि चारित्र्यातही चांगले गुण पडत. आपल्याकडे शरीरयष्टीच्या जागी शुद्ध बोलणं, गोरा रंग आणि पेठेतला पत्ता बसतो. माझ्याकडच्या सर्वांत सांभाळून वागणाऱ्या मावशी 'न' आणि 'ण' मध्ये आयुष्यभर फरक करणार नाहीत. मुलं त्यांच्याकडून 'पानी' शिकतात, घरी जाऊन 'पाणी' शिकतात, काही बिघडत नाही.

दुसरा खड्डा आजाराचा. लकव्याचं वर सांगितलंच. कंपवात (पार्किन्सन) असलेल्या माणसाचे स्नायू कडक होऊन चेहऱ्यावरचे भाव दिसेनासे होतात. घरचेच म्हणतात, 'आजोबांना कशाचं काही वाटेनासं झालंय.' त्यांना वाटत असतं. कमी ऐकू येणारा माणूस शिष्ट वाटतो, डोकं दुखत असलेला चिडका. म्हणून कुणाबद्दल 'थंड आहे', 'आढ्यतेखोर आहे' असं मनात आलं की मी आधी तब्येतीचं कारण असू शकतं का ते बघते.

वही

एक पातळ वही ठेवा. पान उभं दुभंगा. डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे मला काय वाटलं ते. डाव्या बाजूला विशेषण लिहायचं नाही. 'उद्धट' हे उजवीकडे जातं. 'मी बोलत असताना दोनदा फोन बघितला' हे डावीकडे. सुरुवातीला डावी बाजू रिकामी राहते आणि उजवी भरून वाहते. माझीही तशीच राहायची. महिनाभर नेटाने केलंत तर डोळे वळतात.

पहिल्या भेटीनंतर घरी येऊन लगेच उजवी बाजू लिहून टाका, कारण ते मत झालेलंच असतं आणि दडपून जात नाही. मग पान मिटा. दुसऱ्या भेटीआधी ते वाचू नका. तीन वेगवेगळ्या प्रसंगी, वेगवेगळ्या वेळी बघा: एकदा सकाळी ताजेपणी, एकदा दिवसाच्या शेवटी, एकदा तुम्ही नसताना, तिसऱ्या वेळी घरातल्या दुसऱ्या कुणाला बघायला सांगा आणि त्याचा डावा रकाना वेगळा लिहायला लावा. तिन्हीकडे जे पुन्हा दिसतं तेच वळण. एकदाच दिसलं ते तसंच लिहून ठेवा, त्यावर काही ठरवू नका. अपवाद एकच: लहान मूल, आजारी किंवा म्हातारं माणूस यांच्या अंगावर हात टाकताना एकदा जरी दिसलं, तर तिथे दुसऱ्या वेळेची वाट बघायची नाही.

कुणाला नाही म्हणायचं असेल तर तसं सांगा, दोन दिवसांत, फोन करून. 'कळवते' म्हणून सोडून देऊ नका. त्या पहिल्या बाई दोन वर्षांनी माझ्याकडे आल्या आणि अकरा वर्षं राहिल्या. एकदा दुपारी मुलं झोपलेली असताना त्यांनी सांगितलं, त्या वेळी दहा-बारा दिवस त्या रोज शेजारणीकडे जाऊन माझा फोन आला का विचारत होत्या.